मागच्या सीटवर टाकायची हवेची गादी, साडेतीन महिने रोज झोपून सांगतोय

दोन रात्रींच्या ट्रिपसाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या. मी हॅचबॅकमध्ये राहायलाच लागलो होतो, त्यामुळे माझा हिशोब वेगळाय.

जाहिरातीतल्या फोटोत माणूस हातपाय पसरून झोपलेला दिसतो, तो नक्की पाच फुटांचा असणार. मी पाच दहा, रोज तिरका होऊन गुडघे दुमडून झोपलो. पण पाय ठेवायच्या खड्ड्यात बसणारे दोन वेगळे फुगे आहेत ना, ती आयडिया भारी. नुसत्या सीटवर झोपलं की अर्धं अंग खाली लोंबतं, ते यात होत नाही.

पंप १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, चार मिनिटात गादी टम्म. पण आवाज!! कुठेतरी गुपचूप गाडी लावून झोपायचं असतं आणि हा पंप अख्ख्या गल्लीला सांगतो की आत कोणीतरी आहे. मग मी आधी दुसरीकडे थांबून गादी भरायचो आणि ड्रायव्हर सीट पुढे ओढून स्टिअरिंगला पोट टेकवत झोपायच्या जागी जायचो.

पहाटे गादी मऊ पडते, मला पहिला आठवडाभर वाटलं पंक्चर आहे, साबणाचं पाणी लावून शोधत बसलो. पंक्चर नव्हतंच. संध्याकाळी ३० डिग्रीला भरलेली हवा पहाटे १० डिग्रीला साधारण साडेसहा टक्के आकसते, एवढंच. झोपायच्या आधी परत दोन फुंकी मारायच्या. खरं पंक्चर नंतर झालं, सीटबेल्टच्या बकलने. बकलला जुना मोजा घालून ठेवा, मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि सोबत दिलेला पॅच चिकटेना, कारण गाडीत काही सुकतच नाही. रात्रभर श्वासातून जी वाफ निघते ती काचांवर बसते आणि गादीच्या खालीही, सकाळी उचलली की सीट ओलसर, दोन आठवड्यात कुबट वास. काच दोन बोटं उघडी ठेवल्यावर बराच फरक पडला. मग थंडी वाजते, तर फोमची मॅट गादीच्या वर टाकायची, खाली नाही, कारण आतली हवाच गार होऊन पाठीतली ऊब खेचते. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचा विचार मात्र करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळणारही नाही.

पण मी कंटाळलो ते या सगळ्याला नाही, रोज सकाळी हवा काढून घडी घालण्याला. घडी पिशवीत परत जात नाही, मग ती पुढच्या सीटवर, मग पुढच्या सीटवरचे कपडे डिकीत, डिकीतली बादली पायाशी, आणि रात्री सगळं उलट. शेवटी तीन घड्यांचा फोम घेतला, मागची सीट पाडून त्यावर टाकतो, दिवसा उभा करून ठेवतो.

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला दीड त्या फुग्यांना.