टीपीयू ९५ए फिलामेंट: बीटलच्या सांगाड्यासाठी वापरल्यावर

आधी निकाल, मग कारणं. बीटल गटातला लढाऊ रोबो करायचा असेल आणि हाताशी थ्री-डी प्रिंटर असेल, तर सांगाड्यासाठी टीपीयू ९५ए, म्हणजे रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक (९५ए हा त्याच्या कठीणपणाचा आकडा), डोळे झाकून घ्यावं. वेपनचा, म्हणजे फिरत्या शस्त्राचा, आस पेलायला मात्र घेऊ नये. चाकांसाठीही नाही. रिळाच्या खोक्यावर ‘न तुटणारं’ असं छापलेलं असतं आणि ते जवळजवळ खरंही आहे. पण रोबो हरायला काही तुटावंच लागतं असं कुठे आहे? खोक्यावर तेवढं छापायला जागा उरली नसावी.

बीटल म्हणजे ३ पौंडांचा, १.३६ किलोचा रोबो. ब्रिटनमध्ये हीच मर्यादा १.५ किलो धरतात. टीव्हीवर दिसणारे बॅटलबॉट्स ११३ किलोंपर्यंतचे; त्यांना वर्कशॉप लागतं, वेल्डर लागतो, चारपाच माणसांची टीम लागते. बीटल टेबलावर मावतो. नोकरी सांभाळून हा नाद करणारे बरेचसे इथेच घुटमळतात, मीही त्यातलीच.

दिवसा मी तपासणीची फिक्श्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटी, डिझाइन करते. पार्ट एकदा बसवला की तो शतांश मिलिमीटरनेसुद्धा हलता कामा नये. हलला तर प्रॉडक्शनवाले मला शोधत वर येतात. त्यामुळे घरी रोबो करतानाही हात आपसूक ताठ आणि जाड गोष्टींकडे जायचा. आधीचे माझे सांगाडे ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचे. दिसायला देखणे, कडा मारलेल्या, प्रत्येक भोक जागच्या जागी. एक सणसणीत फटका बसला की चौकट दोनेक मिलिमीटर तिरकी व्हायची, आणि मग झाकणाचा एकही स्क्रू समोरच्या भोकात उतरायचा नाही. दोन लढतींमधला सगळा वेळ कानस आणि हातोडी घेऊन जायचा. बॅटरी बदलायची आठवण मुलगी करून द्यायची. रोबो चालवते ती, मी फक्त बनवते. ‘आई, चार्ज?’ एवढंच म्हणायची, पण स्वर ऐकण्यासारखा असायचा.

फटका म्हणजे नेमका किती, हे एकदा मांडून बघायला हरकत नाही. समोरच्याचं वेपन म्हणून २५० ग्रॅमची, १५० मिलिमीटर लांबीची पोलादी पट्टी मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरतेय असं धरा. तिच्यात साधारण २५७ ज्यूल ऊर्जा साठलेली असते आणि टोकाचा वेग ताशी २८३ किलोमीटरच्या आसपास जातो. सगळीच्या सगळी ऊर्जा समोरच्याला मिळाली असती, तर १.३६ किलोचा रोबो एकोणीस मीटर उंच उडाला असता. तसं होत नाही, कारण काही ऊर्जा पट्टीतच राहते, काही आवाजात आणि ठिणग्यांत जाते, आणि जी उरते ती तुमच्या सांगाड्याला कुठेतरी जिरवावी लागते. अ‍ॅल्युमिनियम ती वाकून जिरवतं. ते वाकणं कायमचं.

टीपीयूचा हिशेब वेगळा. अ‍ॅल्युमिनियमचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, ७० गिगापास्कल. टीपीयू ९५एचा तीसेक मेगापास्कल, म्हणजे दोन-अडीच हजार पटींनी कमी. फिक्श्चरवाल्या माणसाने हा आकडा वाचला तर तो डेटाशीट मिटून ठेवेल. पण फटक्यात जे बळ जाणवतं ते वेग किती वेळात बदलला यावर ठरतं. कोपरा आत दबला, परत बाहेर आला, तेवढ्यात धडकेचा अवधी लांबतो आणि बळाचं टोक खाली येतं. आतल्या मोटरला, कंट्रोलरला, सोल्डरच्या सांध्यांना त्यातला निम्माशिम्माच झटका पोचतो. घनताही साधारण पाण्याच्या १.२ पट, अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे भिंती बोटभर जाड ठेवायची चैन करता येते. हातात घेतलं तर ट्रॉलीच्या चाकासारखं लागतं, रबर म्हणावं तर घट्ट, प्लॅस्टिक म्हणावं तर मऊ.

एका लढतीनंतरचा डावा मागचा कोपरा अजून ठेवलाय. समोर उभं पातं होतं, दातांना चांगली धार. दात आत शिरला तो नऊ-दहा मिलिमीटर. छपाईच्या चार भिंती, म्हणजे बाहेरचे सलग पदर, कापत गेला आणि आतली जाळी उघडी पडली, लाटांसारखी, गायरॉइड इन्फिलची, म्हणजे पोकळीतल्या भरावाची. कडेला केशरी झिरमिळ्या लोंबत होत्या. भयंकर दिसत होतं. रोबो मात्र उलटापालटा होऊन चाकांवर पडला आणि पुढच्या क्षणी चालू लागला. पिटमध्ये आल्यावर कटरने झिरमिळ्या छाटल्या, सोल्डरिंगच्या जुन्या टोकाने कड वितळवून बसवली, संपलं. वितळताना जो वास येतो त्यासाठी खिडकी उघडी हवी, तोंड लांब हवं. निकाल देणारे वरवरची जखम आणि काम बिघडवणारी मोड यांत फरक करतात, त्यामुळे असल्या जखमेचे गुणही फारसे जात नाहीत.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

सगळ्यात मोठी बोल्टची. टीपीयूच्या साखळीत कडक तुकडे आणि मऊ तुकडे आलटून पालटून असतात. मऊ तुकड्यांमुळे ते दबतं आणि परत येतं. त्याच मऊ तुकड्यांमुळे कायमच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत राहतं. संध्याकाळी बोल्ट घट्ट आवळा, सकाळी तो सैल झालेला असतो. बोल्ट फिरलेला नसतो, त्याच्या डोक्याखालचं टीपीयू बसलेलं असतं. थ्रेडलॉकर इथे कामाचा नाही, तो आटे फिरू नयेत म्हणून असतो. नायलॉक नटही तसाच. उपाय एकच: भोकात अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवा, भिंतीच्या जाडीपेक्षा किंचित आखूड, आणि दोन्हीकडे मोठे वॉशर. मग बोल्ट धातूवर आवळला जातो आणि टीपीयूला फक्त जागच्या जागी धरलं जातं. गरम करून रोवायचे आटेवाले पितळी इन्सर्ट पीएलए या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकमध्ये उत्तम बसतात. टीपीयूमध्ये पहिल्या जोरदार ओढीला स्क्रूसकट बाहेर येतात. वॉशरशिवाय बोल्ट लावला तर डोकंच भिंतीतून आरपार जातं. मोठे वॉशर, मोठे वॉशर, मोठे वॉशर. वजनाची कुरकुर नंतर करा.

दुसरी तक्रार आसाची. वेपनचा आस दोन बाजूंच्या दोन खांबांवर टेकतो, आणि ते खांब टीपीयूचे केले तर फटक्यासरशी दोन दिशांना झुकतात. पट्टी एका रेषेत फिरत नाही, पट्टा पुलीवरून उतरतो, आणि कधी पातं आपल्याच सांगाड्याला चाटून जातं. शून्य मोड, आणि वेपन बंद. तीन मिनिटांच्या लढतीत वेपन पहिल्याच मिनिटाला बंद पडलं तर उरलेला वेळ नुसती ढकलाढकली करण्यात जातो, आणि ड्रायव्हरचं तोंड बघवत नाही. खांब धातूचेच करा, ग्रेड ५ टायटॅनियम झेपलं तर उत्तम, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम. दोन्ही खांब एका आडव्या पट्टीने एकमेकांना बांधा, आणि ही अख्खी धातूची चौकट टीपीयूच्या पोटात बसवा. ज्या दोन गोष्टींमधलं अंतर बदललं तर काम थांबतं त्या धातूवर, बाकी सगळं टीपीयूवर. फिक्श्चरचं सगळं शिक्षण अशा प्रकारे चौकटीपुरतं कामाला येतं.

रोबोच्या पुढे लावलेल्या, जमिनीलगतच्या काट्यांचंही तेच. जमिनीला चिकटून समोरच्याच्या खाली कोण घुसतो यावर अर्धी लढत ठरते. सांगाडा एकीकडे पिळला की काट्याचं टोक कागदभर उचललं जातं, आणि तेवढं समोरच्याला पुरतं. काटे एआर५०० या कडक पोलादाचे ठेवा, त्यांची बिजागरी सैल ठेवा, म्हणजे सांगाडा कसाही पिळला तरी टोकं आपल्या वजनाने खाली राहतात.

छापण्याबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळीकडे भरपूर सल्ले मिळतात. टीपीयू हवेतली ओल पितं. मला आलेलं एक रीळ सीलबंद पाकिटातूनच ओलं निघालं. नॉझलमधून फटफट आवाज, पार्टवर बुडबुडे आणि कोळिष्टकं. कंपनीचं नाव घेत नाही, पण पाकिटातली सिलिका जेलची पुडी बघून विश्वास ठेवू नका. ५०-५५ अंशांवर सहा-आठ तास वाळवा आणि ड्रायरमधूनच थेट प्रिंटरला द्या. वेग सेकंदाला ३० मिलिमीटरच्या आसपास. घाई केली की मऊ तार गिअरमध्ये दुमडते. प्रिंटरच्या गुळगुळीत पीईआय बेडवर (पीईआय हे प्लॅस्टिकचं आवरण) ते इतकं चिकटतं की सोडवताना बेडचा पापुद्रा निघतो, म्हणून गोंदाची कांडी फिरवायची, चिकटावं म्हणून नव्हे, सुटावं म्हणून.

एक गोष्ट मात्र सल्ल्यांत कमी दिसते. सांगाडा आडवा छापतो, म्हणजे थर आडवे. उभं पातं खालून वर मारतं, म्हणजे नेमकं थर एकमेकांपासून सोलणारं बळ. तार म्हणून कैक पट ताणलं तरी न तुटणारं हे टीपीयू थरांच्या सांध्यात तेवढं ताणलं जात नाही. मी पंखा अगदी मंद ठेवते, नॉझलचं तापमान शिफारशीच्या वरच्या टोकाला, भिंती आता सहा, आणि चारही कोपऱ्यांतून वरपासून खालपर्यंत लांब बोल्ट, अर्थात नळी आणि वॉशरसकट. रंग काळा घेऊ नका. काळ्यात सुटू लागलेला थर दिसत नाही. केशरीत लगेच पांढुरकी रेघ उमटते.

छापलेल्या पार्टवर नंतर काही करायचं म्हणजे वैताग. कानस लागत नाही, ड्रिल घातलं तर भोक परत मिटतं, सपोर्ट ओरबाडून काढावे लागतात. सगळी भोकं कॅडमध्येच थोडी मोठी ठेवा आणि सपोर्ट लागणारच नाहीत असा आकार काढा.

कार्बन फायबरशी तुलना करणारे भेटतात, म्हणून तेही सांगते. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, पण वीज वाहतं. घासलेली एखादी तार टेकली की शॉर्ट. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतं, अँटेना बाहेर काढायला खिडकी ठेवावी लागते. टीपीयू या दोन्ही बाबतीत बिनबोभाट. बॅटरीलाही चारी बाजूंनी छान गादी मिळते. फक्त एक लक्षात असू द्या, टीपीयू जळतं. लिथियम पॉलिमरच्या पिशवीला दात लागला तर ही गादी आग अडवणार नाही. त्यामुळे बॅटरी मधोमध ठेवा, आणि जमिनीलगत आडवं पातं फिरवणाऱ्यांशी गाठ पडणार असेल तर तळाला धातूचा किंवा यूएचएमडब्ल्यू या चिवट प्लॅस्टिकचा पातळ पत्रा द्या.

चाकांचं एका वाक्यात: ९५एची चाकं टिकतात भरपूर, पण पोलादी फरशीवर साबणावर ठेवल्यासारखी घसरतात, आणि ड्रायव्हर मला शिव्या देते. तिच्या हट्टापायी ८५एचं, म्हणजे आणखी मऊ टीपीयूचं, एक रीळ मागवलंय. पकड खरोखर चांगली आहे, पण ते इतकं मऊ आहे की माझ्या प्रिंटरच्या गिअरभोवती अजूनही गुंडाळतंय. एक्स्ट्रूडर, म्हणजे तार ढकलणारा भाग, थेट नॉझलवर नसेल, मधे लांब बोडेन नळी असेल, तर ८५एच्या वाटेला जाऊ नका. ९५ए तिथेही जमतं, वेग निम्मा करायची तयारी असेल तर.