आर्थिक प्रतिमान: आयते घ्यावे, घडवून घ्यावे की मंत्रालयातच चालवावे?

आयातशुल्क घटवल्यास कोणता उद्योग डबघाईला येईल, किंवा नव्या करामुळे महसूल किती वाढेल, याचा अंदाज बांधण्यासाठी एखाद्या छोट्या देशाचे अर्थमंत्रालय परदेशी सल्लागार नेमते, तेव्हा प्रतिमानाची, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या गणिती नमुन्याची (मॉडेलची), निवड मुख्यतः तीन मार्गांत असते.

पहिला मार्ग आयत्या जागतिक प्रतिमानाचा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९२ साली सुरू झालेल्या 'जीटॅप' या जागतिक व्यापाराची आकडेवारी व प्रतिमान पुरवणाऱ्या प्रकल्पाच्या अकराव्या आवृत्तीत १६० देश व प्रदेश आणि ६५ उत्पादनक्षेत्रे आहेत. व्यापारकराराचे उत्तर त्यातून लवकर मिळते आणि जुन्या आवृत्त्या विनामूल्य असतात. मात्र फार लहान देश त्यात 'उर्वरित प्रदेश' या गाठोड्यात बांधलेले असतात. तसे असल्यास हा मार्ग तिथेच संपतो.

दुसरा मार्ग देशापुरते प्रतिमान घडवून घेण्याचा. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील सेंटर ऑफ पॉलिसी स्टडीज (२०१४ पर्यंत ते मोनॅश विद्यापीठात होते) १९७०च्या दशकातील 'ओरानी' प्रतिमानाची परंपरा चालवते. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगासाठी वापरले जाणारे 'यूसेज' हे त्याच घराण्यातले. उद्योगनिहाय तपशिलात याला तोड नाही. पण देशाचा आदान-प्रदान तक्ताच (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, याचा तक्ता) पंधरा वर्षे जुना असेल, तर त्या तपशिलाचा उपयोग बेताचाच.

तिसरा मार्ग मंत्रालयातच चालवण्याच्या प्रतिमानाचा, म्हणजे जागतिक बँकेच्या 'एमएफमॉड'चा. अर्थसंकल्प, कर्ज आणि विकासदर यांचे वार्षिक अंदाज बांधण्यासाठी तो घडवलेला आहे आणि 'मॉडेलफ्लो' या मुक्त प्रणालीमुळे तो पायथॉन या संगणकीय भाषेतही चालतो. आयातशुल्क घटल्यावर कोणता कारखाना बंद पडेल, हे मात्र त्याला विचारू नये.

किंमत आणि मुदत यांपेक्षा प्रतिमानात काय गृहीत धरले आहे, हे आधी पाहावे. युरोप आणि अमेरिका यांच्यात तेव्हा प्रस्तावित असलेल्या व्यापारकराराबाबत युरोपीय आयोगाने लंडनच्या एका संशोधन संस्थेकडून करवून घेतलेल्या २०१३च्या अभ्यासात युरोपला वर्षाकाठी ११९ अब्ज युरोपर्यंत लाभ दाखवला होता. पुढच्याच वर्षी टफ्ट्स विद्यापीठातून निघालेल्या अभ्यासाने संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रतिमान वापरून युरोपात सुमारे सहा लाख रोजगार बुडतील असे सांगितले. पहिल्या अभ्यासाच्या हिशेबात गेलेली नोकरी दुसऱ्या क्षेत्रात मिळतेच असे मानलेले होते. टफ्ट्सच्या हिशेबात बेरोजगारी टिकू शकत होती आणि मागणी घटू शकत होती. म्हणजे वादाचा निकाल बराचसा गृहीतकातच लागला होता, आणि अहवालाचा सारांशच वाचणाऱ्या मंत्र्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून प्रश्न एकाच व्यापारकराराचा असेल, तर पहिला मार्ग घ्यावा आणि रोजगाराविषयीची दोन वेगळी गृहीतके धरून उत्तरे मागावीत. शेती, खाणी, वाहतूक यांचा सविस्तर हिशेब हवा असेल आणि तक्ते ताजे असतील, तर दुसरा. अर्थसंकल्पाचे काम दरवर्षीचे असल्याने, ओबडधोबड वाटला तरी माझा कल तिसऱ्याकडे आहे. विशेषतः जिथे अधिकाऱ्यांच्या बदल्या वारंवार होतात, तिथे साधे प्रतिमान नव्या माणसाला लवकर हाताळता येते. मार्ग कोणताही असो, संगणकीय संहिता आणि मूळ आकडे हाती येईपर्यंत आणि मंत्रालयातील दोन कर्मचाऱ्यांनी सल्लागारांच्या मदतीविना तीच उत्तरे पुन्हा काढून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये, ही अट करारात लिहून घ्यावी.