एंटरप्राइज १/१०००, आठ महिन्यांनी: डेकल झकास, इंजिनांनी मान टाकली

‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचं प्लास्टिक किट. नोव्हेंबरात जोडलेलं मॉडेल एप्रिलमध्ये वाकडं झालं. समोरून पट्टी धरून मोजलं तर डाव्या इंजिनाचं टोक उजव्यापेक्षा ६ मिमी खाली. मालिकेतलं मूळ यान २८९ मीटरचं, म्हणजे हे २९ सेंमीच्या आसपास. एवढ्याशा लांबीत ६ मिमी खोलीच्या दारातूनही खुपतात. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं: जोडणी ग्राहकाने केली, जबाबदारी ग्राहकाची. साडेतीन हजार घेताना हे बोलले नव्हते.

पहिला राग सोलापूरच्या उन्हावर निघाला. पण किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मऊ पडतं १०० अंशांच्या आसपास, आणि आपला पारा फार तर ४३-४४ ला जातो. पत्र्याखालच्या कपाटात आणखी थोडं धरा. नुसत्या उन्हाने हे होत नाही. खरं दुखणं इंजिनं यानाच्या पोटाला जोडणाऱ्या दोन तिरक्या खांबांच्या बुडाशी आहे. प्रत्येक खांब जेमतेम ३ मिमी जाड, वर १५ सेंमीचं इंजिन, आणि पोटात शिरणारी खुंटी फक्त ४ मिमी. सतत भार राहिला की प्लास्टिक हळूहळू सरकतं, गरमीत जास्त भराभर. त्यात पातळ सॉल्व्हंट ग्लू प्लास्टिक विरघळवूनच चिकटवतो. तासाभरात सुकल्यासारखा वाटला तरी सांधा आतून कडक व्हायला दोन-तीन दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी स्टँडवर चढवलं, तर झुकायला सुरुवात तिथेच. इंजिनाच्या आतून फट बुजवायला एम-सील भरलं असेल तर वजनाची आणखी भर. फट बाहेरूनच भरा, तीही ग्लूमध्ये विरघळवलेल्या स्प्रूच्या (भाग ज्या चौकटीला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या) तुकड्यांनी.

बाकी मोल्डिंग उत्तम. यानाच्या पुढच्या गोल बशीचे दोन भाग फटीशिवाय बसतात, ६०० नंबरचा पॉलिश पेपर दोनदा फिरवला की पुरे. रंगाबद्दल इतकंच की शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा कापूस हवेत असतो, तो ओल्या ग्लॉसवर हटकून बसतो. पहाटे, माग बंद असताना, फरशी ओल्या फडक्याने पुसून फवारा. एनसी थिनर ब्रशसाठीच ठेवा, मॉडेलला लागला तर पृष्ठभाग खाऊन टाकतो.

डेकलबद्दल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायच्या छापील अक्षर-चिन्हांबद्दल, मत बदलावं लागलं. आधी लिहिणार होतो की कागद भिकार आहे, कारण अक्षरांखाली पांढरट डाग येत होते. दोष कागदाचा नव्हता, पाण्याचा होता. चार-पाच दिवसांआड येणारं साठवणीचं जड पाणी सुकलं की क्षार डेकलखाली राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरलं आणि डाग गेले. खाली ग्लॉसचा चकचकीत थर हवाच, नाहीतर हवा अडकून चंदेरी चमक येते. २० सेकंद बुडवा, मिनिटभर बाजूला ठेवा, मग सरकवा. उन्हाळ्यात पंखा बंद. नाहीतर जागेवर बसायच्या आत डेकल चिकटून फाटतं.

आता पुन्हा खांब, कारण पैसे त्यातच अडकलेत. पितळी सळी सगळे सुचवतात, पण ३ मिमीच्या खांबात २ मिमीची सळी घालायची तर भिंती कागदासारख्या उरतात. १ मिमीची घातली तर ती स्वतःच वाकते. इलाज गावातच निघाला: मागाची मोडकी फणी, म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी पट्ट्यांची चौकट. तिच्यातल्या पोलादी पट्ट्या पातळ, रुंदीला दोन-तीन मिमी आणि स्प्रिंगसारख्या ताठ. भंगारात वीस रुपयांत फणीचा हातभर तुकडा मिळाला, म्हणजे जन्मभराचा साठा.

सांधा कापून खांब सुटा करा. आतल्या बाजूने, लांबीच्या दिशेने, २ मिमी खोल दोन चिरा पाडा. हॅक्सॉ ब्लेड जाड पडतं, दाढीच्या ब्लेडच्या पाठीने ओरखडत जा. पट्टी कानशीने २ मिमी रुंद करून चिरेत उभी बसवा. आडवी ठेवली तर ती खांबाबरोबर वाकेल, सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही टोकांना ८-१० मिमी पट्टी बाहेर ठेवा, ती पोटात आणि इंजिनात शिरते. अ‍ॅराल्डाइट सावकाश सुकणारंच घ्या. पाच मिनिटांवालं घेतलं तर कोन जुळवेपर्यंत घट्ट होतं. पुठ्ठ्यातून इंग्रजी व्ही आकार कापून त्यात मॉडेल उलटं टेकवा, २४ तास हात लावू नका. चिरा भरून घासल्या की वरून फक्त खांबांना रंग.

दुरुस्ती एप्रिलअखेरची. मे अख्खा त्याच पत्र्याखाली गेला. जूनच्या शेवटी मोजलं तर फरक अर्धा मिमी, तोही दुरुस्तीच्या दिवशीच राहून गेलेला. जोडायला घेणाऱ्याने हे काम आधीच करावं, मग कापाकापीही वाचते आणि दुसरा रंगही.

किटला पाचपैकी साडेतीन देतो. एक पूर्ण गुण त्या ४ मिमीच्या खुंटीचा कापला, अर्धा विक्रेत्याचा.