लिनक्सचे टीसीपी टाइमस्टॅम्प मानकाशी ताडून पाहताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्याचा हिशेब लिनक्स या संगणकप्रणालीवरच्या सर्व्हरवर चालतो. भिंतीपलीकडे यंत्रमागांची खडखड चालू असताना मी टीसीपीडंप या पॅकेट टिपणाऱ्या साधनाने त्याची पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, तपासली. टीसीपी हा संगणकांमध्ये माहिती पोचवण्याचा नियमसंच; त्यात पॅकेटवर वेळेचा आकडा, म्हणजे टाइमस्टॅम्प, लावता येतो. टाइमस्टॅम्पच्या घड्याळाचा ठोका १ मिलिसेकंद ते १ सेकंद असावा, ही २०१४ च्या आरएफसी ७३२३ या इंटरनेट मानकाची अट लिनक्स १ मिलिसेकंदाच्या ठोक्याने पाळते. टाइमस्टॅम्पच्या आकड्यात यादृच्छिक भर घातलेली असल्याने सर्व्हर किती दिवस चालू आहे, हे बाहेरच्याला सहज ताडता येत नाही, आणि हेच मला सर्वाधिक आवडले. मात्र टाइमस्टॅम्प वापरायचे ठरल्यावर तो नसलेले पॅकेट टाकून द्यावे, असे मानक सुचवत असताना लिनक्स ते निमूट स्वीकारते. व्यवहार अडत नाही, तरी ही सैल मुभा मला खटकते. टाइमस्टॅम्पमुळे प्रत्येक पॅकेटमागे पडणारा १२ बाइटांचा भार नगण्यच.