कडुनिंबाचे तेल: कोणत्या किडीवर, कोणत्या झाडावर आणि केव्हा

बाग करणारी माणसे एकमेकांना रोपे, छाट कलमे आणि बिया देतात तेव्हा त्यांच्यासोबत कीडही एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जाते, आणि त्या किडीचे काय करावे असे विचारले की बहुतेक वेळा कडुनिंबाचे तेल फवारा, एवढेच उत्तर मिळते. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कुंडीतील फुलझाडे, देवाणघेवाणीत आलेली रोपे आणि अंगणातील मोठी झाडे या तिन्हींवर मी हे तेल दीर्घकाळ वापरत आले आहे, आणि माझे मत असे की मऊ अंगाच्या, नुकत्याच दिसू लागलेल्या किडीसाठी ते उत्तम आहे, घट्ट बसलेल्या पिठ्या ढेकणासाठी एकटे अपुरे आहे, आणि मोठ्या देशी झाडांवर बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

बाजारात या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पहिली वस्तू म्हणजे निंबोळीच्या गाभ्यातून घाण्यावर काढलेले कच्चे तेल. ते तपकिरी, दाट आणि लसणासारख्या उग्र वासाचे असते आणि थंडीत गोठते. दुसरी वस्तू म्हणजे अझाडिरॅक्टिन या घटकाचे प्रमाण ठरवून बनवलेले कीटकनाशक, ज्याच्या बाटलीवर 300, 1500, 3000 किंवा 10000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असा आकडा छापलेला असतो. तिसरी वस्तू म्हणजे अझाडिरॅक्टिन काढून घेतल्यावर उरलेले, शुद्ध केलेले फिकट तेल. पाण्यात मिसळून थेट फवारता येणाऱ्या अनेक तयार बाटल्यांमध्ये हेच असते. हे तिसरे तेल किडीच्या अंगावर थर बसवून तिचा श्वास कोंडते, पण तिची वाढ रोखणारा घटक त्यात जवळजवळ नसतो. म्हणून एकाला गुण आला आणि दुसऱ्याला आला नाही अशी तक्रार ऐकली, की त्या दोघांच्या बाटल्या एकाच प्रकारच्या होत्या का, हे मी प्रथम विचारते. ज्या बाटलीवर घटक, त्याचे प्रमाण, उत्पादनाची तारीख आणि मुदत यांपैकी काहीच नीट छापलेले नाही, ती कितीही आकर्षक असली तरी घेऊ नये.

अझाडिरॅक्टिन कीटकाला जागच्या जागी मारत नाही, आणि या तेलाबद्दलचा बहुतेक अपेक्षाभंग तेथेच सुरू होतो. कीटकाची भूक मंदावणे आणि कात टाकण्याची क्रिया घडवून आणणाऱ्या संप्रेरकाच्या कामात अडथळा आणणे, ही त्याची दोन मुख्य कामे आहेत. फवारणी झालेली अळी दुसऱ्या दिवशीही पानावर दिसते. मात्र ती खाणे कमी करते आणि पुढच्या अवस्थेत जाताना अडते. कात टाकून झालेल्या प्रौढ किडीवर त्यामुळे फारसा परिणाम होत नाही आणि अंड्यांवर तो भरवशाचा नसतो. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असताना टोळांनी इतर झाडे ओरबाडली, पण कडुनिंबाची झाडे मात्र हिरवी राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिले आणि त्यानंतर या विषयातील आधुनिक संशोधनाला वेग आला. 1968 मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळे काढले गेले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवायला 2007 साल उजाडले, आणि म्हणूनच आजही ते निंबोळीतूनच मिळवले जाते.

कच्चे तेल वापरायचे असेल तर यश मुख्यतः ते पाण्यात नीट मिसळण्यावर अवलंबून असते. एक लिटर कोमट पाण्यात एक ते दोन मिलिलिटर द्रव पोटॅश साबण आधी ढवळून घ्यावा, नंतर पाच मिलिलिटर तेल थेंब थेंब सोडत पाणी दुधाळ होईपर्यंत ढवळावे आणि फवारताना पंप अधूनमधून हलवत राहावा. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे सुरुवातीला नुसते पाणी फवारले जाते आणि शेवटी उरलेले निव्वळ तेल एखाद्या दुर्दैवी रोपावर पडून त्याची पाने करपतात. भांडी घासण्याचे तीव्र द्रव टाळावेत, कारण ते पानावरील मेणाचा संरक्षक थरही काढून टाकतात. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात अझाडिरॅक्टिन टिकत नाही, त्यामुळे कालचे उरलेले पाणी आज फवारण्यात काही अर्थ नसतो. उन्हातही त्याचे विघटन लवकर होते आणि तेलाचा थर तापून पाने भाजतात, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर, मधमाश्या परत गेल्यानंतर करावी आणि तापमान 32 अंश सेल्सियसच्या वर असताना ती टाळावी. नेचे, केसाळ पानांची रोपे आणि कोवळी रोपे नाजूक असतात. त्यांच्या दोन-तीन पानांवर आधी फवारून दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय पूर्ण रोप भिजवू नये.

आता एकेका किडीबद्दल. माव्यावर हे तेल चांगले काम करते, पण आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुऊन घ्यावेत. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिले जन्माला घालतात, त्यामुळे मागे राहिलेल्या थोड्या माद्याही काही दिवसांत पुन्हा वसाहत उभी करतात. म्हणून सात-सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या हा किमान क्रम आहे. पांढऱ्या माशीची पिले पानाच्या खालच्या बाजूला चिकटून स्थिर असतात, त्यामुळे फवारा खालून वर मारला तरच तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि लाल कोळ्यालाही हेच लागू पडते. फुलकिड्यांवर माझा अनुभव मध्यम आहे, कारण ते कळ्यांच्या आत दडतात आणि त्यांच्या अनेक जाती कोषावस्थेसाठी मातीत उतरतात. भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणाऱ्या बुरशीजन्य रोगावर, सुरुवातीच्या काळात उपयोग होतो. कडुनिंबाच्या तेलाच्या याच बुरशीनाशक गुणावर 1994 मध्ये युरोपात पेटंट दिले गेले होते. हे ज्ञान आधीपासून वापरात होते या कारणाने ते 2000 मध्ये रद्द झाले आणि 2005 मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

पिठ्या ढेकूण हा स्वतंत्र विषय आहे. त्याच्या अंगावरचे मेणचट आवरण पाणी परतवून लावते, मादी त्याच कापसासारख्या पुंजक्यात अंडी घालते आणि पिले पानांच्या बगलेत, फांदीच्या सालीखाली किंवा थेट मुळांवर जाऊन बसतात. नुसत्या फवारणीने वरचे पुंजके कमी झालेले दिसतात आणि आत सर्व काही तसेच राहते. आधी मऊ ब्रशने पुंजके काढणे, जास्त ग्रासलेल्या फांद्या कापून बंद पिशवीत टाकणे आणि मग फवारणी करणे, या क्रमाला पर्याय नाही. त्याहून महत्त्वाचे काम मुंग्यांना रोखण्याचे आहे. पिठ्या ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात. त्यामुळे कुंडीपर्यंत येणारी मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय बाटली कितीही महाग असली तरी कीड परत येते.

मित्रकीटकांची ओळख नसताना केलेली फवारणी मला सर्वात जास्त खटकते. मूळचा ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलिमस हा ढालकिडा पिठ्या ढेकूण खाऊन जगतो, आणि त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणचट धाग्यांनी झाकलेली असल्यामुळे हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. झाडावर मोठा, चपळ आणि लांब धाग्यांचा पांढरा किडा दिसला आणि डिवचताच तो वेगाने चालू लागला, तर तो बहुधा शत्रू नसून मदतनीस असतो. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये भारतात आढळला आणि झपाट्याने पसरला. 2010 मध्ये अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही अतिशय लहान परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. कडुनिंबाचे तेल अनेक रासायनिक कीटकनाशकांच्या तुलनेत मित्रकीटकांना सौम्य आहे, आणि मला त्याचा हाच गुण सर्वात मोलाचा वाटतो. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, कारण अंगावर थेट पडलेला तेलाचा थर त्यांच्याही कोवळ्या अळ्यांना मारतो.

देवाणघेवाणीत आलेल्या रोपांसाठी मात्र मी हे तेल निःसंकोच सुचवते. नवे रोप आले की त्याची पाने खालून आणि देठांच्या बगलेत भिंगाने पाहावीत, कुंडीतून अलगद काढून मुळांभोवती पांढरी भुकटी किंवा पुंजके आहेत का ते तपासावे, आणि किमान तीन आठवडे ते इतर झाडांपासून दूर ठेवावे. या काळात आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या केल्या तर अंड्यांतून उशिरा बाहेर पडलेली पिलेही सापडतात. रोप देणाऱ्यानेही हीच काळजी घ्यावी, आणि कीड दिसली असेल तर ती लपवू नये. छाट कलमासोबत ही माहिती देणे हा देण्याचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

देशी झाडांच्या बाबतीत माझा सल्ला बरोबर उलट आहे. सातविणीच्या पानांवर उठणाऱ्या हिरव्या गाठी पाहून अनेक जण घाबरतात आणि तेल फवारतात. त्या गाठी उडी मारणाऱ्या एका बारीक रस शोषक किड्यामुळे तयार होतात आणि त्याची पिले गाठीच्या आत वाढतात. बाहेरून मारलेला फवारा तेथे पोहोचतच नाही. करंजाच्या पानांवरील गाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या, जेमतेम 0.2 मिलिमीटर लांबीच्या कोळ्यांमुळे होतात, आणि तेही आतच सुरक्षित असतात. निरोगी, मोठे झाड अशा गाठींसह वर्षानुवर्षे चांगले वाढते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबू फुलपाखराची किंवा त्याच्या नात्यातील फुलपाखराची असते. रोप अगदीच लहान असेल तर ती हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. रुईवरचा पिवळा मावा तर मी मुद्दाम राहू देते, कारण ढालकिडे तेथे पोसले जातात आणि पुढे बागेतील इतर झाडांकडे वळतात.

झाड देशी आणि कीड परकी असते तेव्हा परिस्थिती बदलते, कारण अशा किडीशी सामना करण्याचे साधन त्या झाडाजवळ नसते आणि तिचे नैसर्गिक शत्रूही तेथे पोहोचलेले नसतात. ईशान्य आशियातून गेलेला पाचूसारखा हिरवा खोडकिडा 2002 मध्ये उत्तर अमेरिकेत आढळला आणि त्याने तेथील अ‍ॅशची कोट्यवधी झाडे मारली. त्या झाडांच्या खोडात अझाडिरॅक्टिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत कॅनडात वापरली जाते. ते प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे, बाटली आणि हातपंप घेऊन करण्याचे नाही; पण हाच घटक योग्य मार्गाने दिला तर मोठे झाडही वाचवू शकतो, एवढे यातून कळते.

ज्या झाडापासून हे तेल मिळते, त्यालाही कीड लागते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ढेकण्या नावाचा रसशोषक किडा कडुनिंबाचे कोवळे शेंडे सुकवतो, फोमोप्सिस या बुरशीमुळे फांद्या टोकाकडून मरत येतात आणि खवले किडीही त्यावर आढळतात. अझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांच्या गाभ्यात साठलेले असते. पाने उकळून केलेल्या काढ्याकडून तेलाइतक्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये, असे मी म्हणते त्याचे कारण हेच आहे. कोणाला कडुनिंबाच्या बिया द्यायच्या असतील तर त्या ताज्याच द्याव्यात, कारण त्यांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच कमी होते. आणि घेणारा कोठे राहतो हेही पाहावे: भारतीय उपखंडात हे झाड देशी आहे, मात्र ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ते ओढ्याकाठच्या स्थानिक वनस्पतींना हटवणारे तण म्हणून घोषित झालेले आहे.

सुरक्षिततेबद्दल बाटल्यांवर फारच कमी लिहिलेले असते, ही या उत्पादनाबद्दलची माझी सर्वात मोठी तक्रार आहे. नैसर्गिक हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला जातो, पण हे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येण्यापर्यंत गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अझाडिरॅक्टिन मासे आणि पाण्यातील लहान जीवांना घातक आहे, त्यामुळे कमळाच्या टाकीजवळ किंवा तळ्याकाठी फवारणी करू नये आणि पंप धुतलेले पाणी त्यात सोडू नये.

थोड्याच कुंड्या असतील तर कच्च्या तेलाची लहान बाटली पुरेशी आहे. रोपांची संख्या मोठी असेल किंवा देवाणघेवाण नेहमीची असेल, तर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण छापलेले तयार कीटकनाशक घ्यावे आणि त्यावर दिलेल्या मात्रेपेक्षा एक थेंबही जास्त वापरू नये. पाण्यात मिसळून ठेवलेल्या फवारणीच्या तयार बाटल्या मी सुचवणार नाही. त्यात किडीची वाढ रोखणारा घटक किती आहे हे बहुतेक वेळा कळत नाही. मोठी बाटली स्वस्त पडत असली तरी एका हंगामात संपेल एवढेच तेल घ्यावे, ते गडद रंगाच्या बाटलीत, थंड, अंधाऱ्या आणि मुलांच्या हाती न लागणाऱ्या जागी ठेवावे, आणि थंडीत गोठल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे, विस्तवावर तापवू नये.