कान, बर्लिन की व्हेनिस? तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकासाठी

गोव्याचा इफ्फी आणि पुण्याचा पिफ हे चित्रपट महोत्सव वर्षानुवर्षं मनापासून करणाऱ्याला कधीतरी वाटतंच, की एकदा बाहेरचा मोठा महोत्सव बघावा. पैसे बाजूला ठेवलेले असतात, आठ-दहा दिवसांची रजा मिळण्यासारखी असते, आणि तोंडात पहिलं नाव येतं ते कानचं. (आपल्याकडे सर्रास ‘कान्स’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘कान’ म्हणतात.) फिल्म सोसायटीतली मंडळी मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी बर्लिनला जा म्हणतो. व्हेनिस दुसरं. कान काही ठरावीक लोकांनीच करावं. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण हा निर्णय चुकला तर लाखोंचा खर्च करून माणूस थिएटरच्या बाहेर उभा राहतो.

खुर्ची कोणासाठी आहे?

तिन्ही महोत्सव मोठे आहेत, तेव्हा ‘सगळ्यात मोठा कोणता’ या प्रश्नाने आपलं काही ठरत नाही. आत बसायची खुर्ची कोणासाठी राखलेली आहे, हे आधी बघावं.

कान हा चित्रपट व्यवसायाचा महोत्सव आहे. पत्रकार, दिग्दर्शक, निर्माते, वितरक, महोत्सवांचे निवडकर्ते यांना अधिकृत पास मिळतात आणि त्या पासवरच ऑनलाइन जागा राखता येतात, खेळाच्या चार दिवस आधी सकाळी ७ पासून. मुख्य इमारतीतल्या सुमारे २३०० खुर्च्यांच्या ग्रँड थिएटर ल्युमिएरची तिकिटं सामान्य प्रेक्षकाला विकतच मिळत नाहीत. संध्याकाळी काळा सूट आणि बो टाय लावलेली माणसं ‘एखादी जादा निमंत्रणपत्रिका आहे का’ अशा पाट्या धरून बाहेर उभी असतात. ती हौस मला समजते, पण मुंबईहून जाणाऱ्याने त्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नये.

आत जायच्या वाटा थोड्या आहेत. वय १८ ते २८ असेल तर ‘थ्री डेज इन कान’ या योजनेत अर्ज करता येतो. सिनेमावर आपलं प्रेम का आहे हे पत्रात लिहायचं, निवड झाली तर तीन दिवसांचा पास फुकट. घरात सिनेमावेडा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा अर्ज त्यांना जरूर भरायला लावा. दुसरी वाट ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ची. फ्रान्समधल्या १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनात महोत्सव मध्येच बंद पडला, त्यानंतर १९६९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शकांच्या संघटनेने हा समांतर विभाग सुरू केला. मुख्य महोत्सवापासून तो स्वतंत्र आहे आणि आपली तिकिटं लोकांना विकतो. तिसरी वाट म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर रात्री मोफत दाखवले जाणारे सिनेमे. छान असतात, पण तेवढ्यासाठी कोणी फ्रान्सला जात नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. महाराष्ट्र शासन २०१६ पासून निवडक मराठी चित्रपट कानच्या फिल्म मार्केटला पाठवतं. बातमीत ते ‘कान महोत्सवात निवड’ असं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपणही जाऊन तो सिनेमा तिथे बघू. मार्केट हा बाजार आहे. खरेदीदारांना दाखवण्यासाठी तिथे पडदा भाड्याने मिळतो. मराठी सिनेमाच्या विक्रीसाठी ती मोलाची जागा आहे, म्हणून ती हिणवू नये, पण महोत्सवाच्या निवडीशी तिची गल्लतही करू नये. निवड म्हणजे २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ची झाली ती. भारतीय चित्रपट तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत गेला आणि ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. मुंबई आणि रत्नागिरी त्या पडद्यावर होती, छाया कदम होत्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शिकेचं ते यश आठवलं की आजही भरून येतं.

आता बर्लिन. इथे सगळंच उलट आहे. दर वर्षी तीन लाखांहून जास्त तिकिटं सामान्य लोकांना विकली जातात. शहरातल्या शिक्षिका, बसचालक, कॉलेजची मुलं, निवृत्त जोडपी, सगळे रांगेत असतात. स्पर्धेतला चित्रपटही एकदाच दाखवून संपत नाही. पॉट्सडामर प्लाट्झच्या बर्लिनाले पालास्टमध्ये पहिला खेळ झाला की पुढच्या दिवसांत शहरातल्या इतर थिएटरांत त्याचे खेळ होतात. लाल गालिचाचा खेळ हुकला म्हणजे सिनेमा हुकला, असं तिथे होत नाही. शेवटचा रविवार तर खास प्रेक्षकांचा दिवस. तिकीट साधारण १५ युरोंना पडतं, पालास्टमधले खेळ थोडे महाग, मुलांच्या विभागातले स्वस्त. पडद्यावर जवळजवळ नेहमी इंग्रजी सबटायटल्स असतात, तेव्हा जर्मन येत नाही म्हणून अडायचं कारण नाही.

व्हेनिस या दोघांच्या मध्ये बसतं. लिडो नावाच्या लांबट बेटावर सगळा महोत्सव भरतो. तिकिटं लोकांना ऑनलाइन विकत मिळतात, पण साला ग्रांदे या मुख्य सभागृहातले संध्याकाळचे खेळ फार महाग असतात आणि लगेच संपतात. त्यामुळे पालाबिएनालेच्या मोठ्या सभागृहातले किंवा दुसऱ्या दिवशीचे खेळ धरावेत. तिथली एक सोय मला फार आवडते. २६ वर्षांखालच्या आणि ६० वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठी सवलतीचे पास असतात. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून एकदा जायचं असेल, तर हा मुद्दा मोठा आहे.

मराठी पाऊलखुणा

व्हेनिसशी आपलं नातं सगळ्यात जुनं आहे. हा महोत्सव १९३२ चा, जगातला पहिला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये तिथे गाजला. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये ओरिझोंती या नव्या वाटेच्या सिनेमांच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. त्यांचाच ‘द डिसायपल’ २०२० मध्ये मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. ज्याला आपल्या सिनेमाच्या वाटेवरून चालायचं आहे, त्याला लिडोवर उतरताना काहीतरी वेगळं वाटणारच.

बर्लिनचं नातं मुलांच्या सिनेमांमुळे जुळलं. तिथे ‘जनरेशन’ नावाचा विभाग लहान आणि किशोरवयीन प्रेक्षकांसाठी आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ मध्ये तिथल्या मुलांच्या ज्यूरीनं क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. २०१६ मध्ये ‘सैराट’ याच विभागात दाखवला गेला. मोठी माणसं हा विभाग सोडून देतात, पण माझ्या मते बर्लिनला जाऊन जनरेशनचा एक तरी सकाळचा खेळ बघायलाच हवा. लहान मुलांच्या सिनेमांना एक माणूस माइकवर बसून सगळे संवाद जर्मनमध्ये वाचत असतो, कारण मुलांना सबटायटल्स झेपत नाहीत. खाली इंग्रजी ओळी, कानावर मूळ भाषा आणि तिच्यावर तो शांत जर्मन आवाज. आणि सभागृहभर शाळेची मुलं, मोकळेपणाने हसणारी आणि रडणारी.

तारखा, रजा, व्हिसा

बर्लिन फेब्रुवारीत, कान मे महिन्यात, व्हेनिस ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. बर्लिनच्या वेळी घरात बारावीचं मूल असेल तर प्रश्न संपलाच. व्हेनिसची अडचण गणपतीची. २०२५ मध्ये महोत्सव सुरू झाला तो २७ ऑगस्टला, नेमकी गणेश चतुर्थी. २०२६ मध्ये मात्र महोत्सव २ ते १२ सप्टेंबर आणि चतुर्थी १४ ला, म्हणजे धावतपळत का होईना, आरतीला घरी पोचता येईल. ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांनी आधी पंचांग बघावं, मग विमान.

तिन्ही ठिकाणी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मे महिना हा उन्हाळी सुट्टीच्या गर्दीचा काळ, व्हिसा केंद्रात वेळ मिळणंच कठीण होतं. फेब्रुवारीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरात अर्ज केला तर त्यामानाने सोपं जातं. महोत्सवाचं निमंत्रण नसलं तरी पर्यटक म्हणून अर्ज करता येतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा, हे विसरू नका.

एका गोष्टीला मनाची तयारी लागते. विमान, खोली आणि व्हिसा हे सगळं कार्यक्रम जाहीर होण्याआधी करावं लागतं. कानची यादी एप्रिलच्या मध्यास येते, व्हेनिसची जुलैच्या अखेरीस, बर्लिनचं पूर्ण वेळापत्रक तर महोत्सव अगदी तोंडावर आल्यावर. कोणता सिनेमा बघणार हे माहीत नसताना आपण निघतो. अमुक दिग्दर्शकाचा सिनेमा असेल तरच जाईन, असं म्हणणाऱ्याने हा प्रवास करू नये.

राहणं, फिरणं, खाणं

कान हे छोटं गाव आहे आणि त्या बारा दिवसांत खोल्यांचे दर आभाळाला टेकतात. अनुभवी लोक जवळच्या आंतीब किंवा नीस शहरात राहतात आणि लोकल गाडीने येतात. नीसहून अर्धा-पाऊण तास लागतो. पण रात्रीचा खेळ बघायचा असेल तर परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा. नीसमध्ये ‘सोका’ मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचं मोठं, खरपूस धिरडं. शाकाहारी माणसाला तिथे खरा आधार त्याचाच.

व्हेनिसला बरेच लोक स्वस्त पडतं म्हणून मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहतात. मला ते पटत नाही. तिथून आधी बस किंवा रेल्वे, मग वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची बस, असा एका बाजूला तासाहून अधिक वेळ जातो आणि रात्री बाराला सिनेमा सुटल्यावर तोच प्रवास जीव खातो. सांतेलेना किंवा जार्दिनीच्या बाजूला खोली बघा. तिथून लिडो बोटीने अगदी जवळ आहे, आणि त्या गल्ल्यांत दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले दिसतात, म्हणजे माणसं राहतात. बोटीचं एकेरी तिकीट फार महाग आहे, तेव्हा अनेक दिवसांचा पासच घ्यावा. लिडोवर सायकल भाड्याने मिळते. विमान मिलानला स्वस्त मिळालं तर तिथून रेल्वेने अडीच तास.

बर्लिनला ही काळजी नाही. ते मोठं शहर आहे आणि फेब्रुवारीत पर्यटक कमी, त्यामुळे महोत्सव असूनही परवडणारी खोली मिळते. थिएटरं मात्र विखुरलेली आहेत. म्हणून मी खोली यू-टू या मेट्रोच्या मार्गावर घ्यायला सांगतो. झू पालास्ट थिएटरजवळचं झूलॉगिशर गार्टन, पॉट्सडामर प्लाट्झ आणि क्युबिक्स थिएटरचं अलेक्झांडरप्लाट्झ, तिन्ही याच मार्गावर आहेत. दोन खेळांमध्ये किमान एक तास ठेवा. खाण्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर फलाफल मिळतं, स्वस्त आणि पोटभर.

बर्लिनची एकच खरी अडचण म्हणजे थंडी. तापमान शून्याच्या आसपास, आकाश दिवसेंदिवस राखाडी, पाच-साडेपाचला अंधार. सुट्टीची मजा म्हणून जाणारा जोडीदार सोबत असेल, तर तो तिथे वैतागेल. त्याच्यासाठी व्हेनिसच हवं: एकाने सिनेमे बघावेत, दुसऱ्याने गल्ल्या आणि चर्चमधली चित्रं, रात्री दोघांनी एकत्र जेवावं. पण दिवसाला चार सिनेमे बघणाऱ्याला फेब्रुवारीचं बर्लिन सोयीचं आहे. बाहेर ऊन खुणावत नसतं, त्यामुळे आत बसल्याची रुखरुख लागत नाही.

दिवसाला चार सिनेमे सलग सात दिवस आपल्याला झेपतात का, हे ज्याला माहीत नाही, त्याने आधी नोव्हेंबरात पणजीला पूर्ण इफ्फी करून बघावा. तिथे तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं, तर युरोपात पाच दिवसांचाच बेत ठेवावा.

बर्लिन ठरलं असेल तर घड्याळाचं एक गणित लक्षात ठेवा. तिकिटं फक्त ऑनलाइन, खेळाच्या तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी १० वाजता सुटतात. तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन-तीन दिवसांची तिकिटं निघण्याआधी, घरूनच काढायची आहेत. खातं आधी उघडून ठेवा, परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड हाताशी ठेवा, प्रत्येक वेळेला दुसरा-तिसरा पर्याय कागदावर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी ऑफिसातलं जेवण अडीचच्या आत उरका.