जाळी-लाठी की वेगळी गेटं?

सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर फुटबॉलची चुरशीची मॅच भरली तर बंदोबस्त कसा असावा, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत.

पहिला म्हणतो, उंच जाळी लावा, लाठीवाले उभे करा. स्वस्त, दिसायलाही जोरदार. पण 1989 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर गर्दी जाळीबंद कप्प्यात लोटली गेली, पळायला वाट नव्हती. 97 जीव गेले, आणि तिथं मारामारीसुद्धा नव्हती! त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल पुढच्या वर्षी आला, त्यानंतर इंग्लंडमधल्या मोठ्या मैदानांवरच्या जाळ्या निघाल्या, खुर्च्या आल्या.

दुसरा पर्याय: दोन्ही पाठीराख्यांना वेगळी गेटं, मध्ये रिकामी पट्टी, आत मंडळांचेच स्वयंसेवक, पोलीस जवळच तयार. माणसं जास्त लागतात, खर्चही. पण 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबांचे प्रेक्षक एकाच स्टँडमध्ये भिडले. 16 जण गेले.

माझं मत दुसऱ्याला. आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, नंदीध्वजांच्या (मानाच्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीपुढची गर्दी लाठीपेक्षा ओळखीच्या माणसाच्या ‘मागं सरका की ओ’नं लवकर हलते. आणि जाळी लावायचीच, तर तिला मैदानाकडं उघडणारी दारं हवीत, किल्लीवाला दारापाशीच.